बातमी हातात, साक्षीदार मळ्यात: समनर, सप्टेंबर १९५५

मिसिसिपीतल्या समनर गावच्या कोर्टात गोऱ्या वार्ताहरांना न्यायाधीशांसमोर जागा दिली होती. कृष्णवर्णीय वार्ताहरांसाठी बाजूला पत्ते खेळायचं एक घडीचं टेबल मांडलं होतं. त्याच टेबलाशी दाटीवाटीनं बसून त्यांनी पाच दिवस खटल्याचं वार्तांकन केलं. रोज सकाळी शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, त्यांच्या शेजारून जाताना वंशवाचक शिवी घालूनच त्यांना ‘हॅलो’ म्हणायचा. खाली मान घालून लिहायचं, बाहेर एकट्यानं फिरायचं नाही, अंधार पडायच्या आत गाव सोडायचं, हे सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं.

एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाच्या खुनाचा हा खटला. खटल्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. हा अभ्यास मात्र त्या टेबलाशी बसलेल्यांच्या एका निर्णयाचा आहे. खटल्यातली सगळ्यात मोठी बातमी त्यांच्या हातात आली होती, आणि त्यांनी ती छापली नाही. उलट, ज्यांच्यावर भरवसा ठेवायला फारसं कारण नव्हतं अशा गोऱ्या पत्रकारांच्या कानावर घातली. वार्ताहरांची नावं जाहीर आहेत, ती इथे दिली आहेत. मळ्यावरच्या साक्षीदारांची नावंही इतिहासात नोंदलेली आहेत, पण इथे ती मुद्दाम टाळली आहेत.

पार्श्वभूमी

अमेरिकेत कृष्णवर्णीयांनी चालवलेलं पहिलं वृत्तपत्र १८२७ साली न्यूयॉर्कमध्ये निघालं. १९०५ मध्ये रॉबर्ट अ‍ॅबट यांनी ‘शिकागो डिफेंडर’ सुरू केलं. दक्षिणेत ते उघडपणे विकणं धोक्याचं होतं, म्हणून रेल्वेच्या पुलमन (शयनयान) डब्यांतले कृष्णवर्णीय कामगार गठ्ठे लपवून तिकडे न्यायचे. एक अंक दहा हातांत फिरायचा, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तो वाचून दाखवला जायचा. स्वतःचं पत्र का लागतं, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्याच अग्रलेखात बाबासाहेबांनी मांडलं होतं की, इलाख्यातली बहुतेक पत्रं विशिष्ट जातींचं हित पाहतात, बाकीच्यांची त्यांना पर्वा नसते. मिसिसिपीत जातीच्या जागी वर्ण होता, बाकी गोष्ट तीच.

१९५४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवला आणि दक्षिणेतलं वातावरण पेटलं. मे १९५५ मध्ये मिसिसिपीतल्या बेल्झोनीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करणाऱ्या रेव्हरंड जॉर्ज ली यांना गोळ्या घालण्यात आल्या. ऑगस्टमध्ये ब्रूकहेवनला लमार स्मिथ यांना भरदिवसा कोर्टासमोर मारण्यात आलं. दोन्ही खुनांत कुणालाही शिक्षा झाली नाही.

एमेट शिकागोचा. सुट्टीत आईच्या मावशीच्या घरी, मनी नावाच्या खेड्यात आला होता. दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला, असा ठपका त्याच्यावर आला. २८ ऑगस्टच्या पहाटे बाईचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी त्याला घरातून उचलून नेलं. ३१ तारखेला टॅलाहाची नदीत त्याचं प्रेत सापडलं. गळ्यात जिनिंगचा सुमारे ३४ किलोचा पंखा काटेरी तारेनं बांधलेला होता.

आई मेमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवायचा हट्ट धरला. ‘जेट’ या साप्ताहिकाचे वार्ताहर सिमियन बुकर आणि छायाचित्रकार डेव्हिड जॅक्सन यांच्याशी त्यांची ओळख झालेली होती. खिशात मावेल एवढ्या आकाराचं हे साप्ताहिक जॉन जॉन्सन यांनी १९५१ मध्ये सुरू केलं होतं. शवपेटीतल्या एमेटच्या विद्रूप चेहऱ्याचं जॅक्सन यांनी काढलेलं छायाचित्र छापायचं का, यावर ‘जेट’च्या कचेरीत चलबिचल होती. १५ सप्टेंबरच्या अंकात ते छापून आलं. ते पाहिलेली पिढी पुढे समान हक्कांसाठी बसमध्ये, कॅफेत, रस्त्यावर उतरली. इथे एवढंच लक्षात घ्यायचं: छायाचित्राच्या बाबतीत छापणं हाच निर्णय योग्य होता. हेच लोक चार दिवसांनी न छापण्याच्या निर्णयाला येऊन भिडले.

पेच

समनरमध्ये कृष्णवर्णीय वार्ताहरांना राहायला जागा नव्हती. ते माउंड बायूला उतरले. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी १८८७ मध्ये वसवलेलं हे गाव, सगळा कारभार कृष्णवर्णीयांच्या हातात. तिथले डॉक्टर टी. आर. एम. हॉवर्ड हे पैशानं आणि हिमतीनं भक्कम गृहस्थ. त्यांच्या घराला हत्यारबंद पहारा असायचा. एप्रिलमध्येच त्यांच्या मोठ्या सभेचं वार्तांकन करायला बुकर येऊन गेले होते. ही जुनी ओळख पुढे कामाला आली.

रविवार, १८ सप्टेंबरच्या रात्री एक शेतमजूर लपतछपत हॉवर्डांकडे आला. म्हणाला, मुलाला मारलं ते इथे नाही, शेजारच्या सनफ्लॉवर काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), ड्रू गावाजवळच्या मळ्यावरच्या कोठारात. मळ्याचा कारभार मायलमच्या भावाकडे. पिकअप ट्रक पाहिलेली, आतून किंकाळ्या ऐकलेली माणसं त्याच मळ्यावर आहेत. दुसऱ्या दिवशी खटला सुरू झाला, आणि त्या रात्री हॉवर्डांनी हे सगळं वार्ताहरांसमोर ठेवलं. बुकर होते, मेम्फिसच्या ‘ट्राय-स्टेट डिफेंडर’चे अ‍ॅलेक्स विल्सन होते, अनेक कृष्णवर्णीय पत्रांसाठी लिहिणारे जेम्स हिक्स होते.

ही बातमी केवढी मोठी होती ते सांगतो. तोवर सरकार पक्षाकडे अपहरणाचा पुरावा होता, खुनाचा जवळपास नव्हता. शेरीफ स्ट्रायडर तर नदीतलं प्रेत त्या मुलाचंच कशावरून, असं म्हणू लागला होता. पुढे तो बचाव पक्षाच्या बाजूनं हेच सांगायला साक्षीलाही उभा राहिला. कोठाराजवळची माणसं बोलली तर खुन्यांचा आणि त्या मुलाचा संबंध शेवटच्या तासापर्यंत जोडला जाणार होता. शिवाय खून दुसऱ्या काउंटीत झाला असेल तर खटलाच तिकडे हलवायची मागणी करता आली असती.

पण ती माणसं गोऱ्या मालकाच्या जमिनीवर राहत होती, त्याची शेती वाट्यानं कसत होती. झोपडी मालकाची, किराणा मालकाच्या दुकानातून उधारीवर, आणि हिशोबाची वहीही त्याच्याच हातात. आपल्याकडे तालुक्यातून बातम्या देणाऱ्या कुणालाही ही अडचण ओळखीची वाटेल. आपण शेवटची एसटी पकडून निघतो. आपल्याशी बोललेला माणूस तिथेच राहतो, आणि अंक गावात पोचतो तेव्हा चावडीवर त्याच्याकडेच बोट दाखवलं जातं.

पर्याय

पहिला पर्याय, लगेच छापणं. देशभरातले वार्ताहर समनरमध्ये आले होते, आणि ही बातमी फक्त कृष्णवर्णीय पत्रकारांकडे होती. एरवी त्यांचं लिखाण मोठ्या दैनिकांच्या खिजगणतीत नसायचं. यावेळी सगळ्यांना त्यांचंच नाव घेऊन लिहावं लागलं असतं. हा मोह लहान नव्हता. पण बातमी येताच मळ्यावरची माणसं रातोरात नाहीशी झाली असती, घाबरून किंवा त्याहून वाईट रीतीनं.

दुसरा पर्याय, थेट सरकारी वकिलांकडे जाणं. सरकारी वकील प्रामाणिकपणे काम करत होते, असं नंतर बहुतेकांनी मान्य केलं. पण तपासाची सगळी यंत्रणा ज्या काउंटीची, तिचा शेरीफ स्ट्रायडर होता. कृष्णवर्णीय वार्ताहरानं आणलेली माहिती त्याच्यापर्यंत पोचायला अर्धा दिवसही लागला नसता.

तिसरा पर्याय बुकरांना सुचला. कायद्याची माणसं कृष्णवर्णीयांचं ऐकून हलणार नाहीत, गोऱ्या पत्रकाराचं ऐकून हलतील. मग एक भरवशाचा गोरा पत्रकार गाठायचा, बातमी रोखून धरायची अट घालायची, आणि त्याच्या तोंडून सरकारी वकिलांपर्यंत जायचं. मेम्फिसच्या एका दैनिकाचे क्लार्क पोर्टियस त्यांच्या परिचयाचे होते.

या पर्यायात एक कडू घोट होता, आणि तो गिळायला किती जड गेला असेल याची मला पुन्हा पुन्हा आठवण होते. कृष्णवर्णीय वृत्तपत्रांचा जन्मच मुळी ‘आमचं म्हणणं आम्ही सांगू’ या निर्धारातून झालेला. आणि इथे आयुष्यातली सर्वांत मोठी बातमी दुसऱ्याच्या हाती द्यायची, कारण आपल्या शब्दाला कोर्टात वजन नाही. त्यांनी तो घोट घेतला.

काय केलं

पोर्टियसना फोन गेला. ते आले, पण एकटे नाही. मिसिसिपीची राजधानी असलेल्या जॅक्सन शहरातल्या एका दैनिकाचे दोन वार्ताहर त्यांच्यासोबत होते, आणि ते दैनिक वंशभेदाचं उघड समर्थन करणारं म्हणून सगळ्यांना माहीत होतं. पुढे जायचं की थांबायचं? हॉवर्डांची चिडचिड झाली. पण अर्धवट बोलून पाठवलं तर धोका आणखी वाढणार होता. साक्षीदार सुरक्षित होईपर्यंत एक ओळही छापायची नाही, असं तिघांकडून कबूल करून घेतलं गेलं. तिघांनीही शब्द पाळला. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मंगळवारी ज्युरीची, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाची, निवड संपली. सगळे पुरुष, कारण मिसिसिपीत स्त्रियांना ज्युरीत बसता येत नव्हतं; सगळे गोरे, कारण नावं मतदार यादीतून काढली जात आणि त्या काउंटीच्या यादीत कृष्णवर्णीय मतदार एकही नव्हता. सरकारी वकिलांनी नव्या साक्षीदारांसाठी वेळ मागितला, न्यायाधीश स्वँगो यांनी दिला. त्या रात्री साक्षीदारांना हॉवर्डांकडे आणायचं ठरलं होतं. ठरलेली वेळ टळून गेली, कुणीही आलं नाही. दरम्यान कायद्याची माणसं मळ्यावर जाऊन आली होती, आणि पोलिसांच्या गाड्या पाहून मजूर दडून बसले होते.

मग अंधारात शोध सुरू झाला. गोरे शेरीफ, गोरे वार्ताहर आणि कृष्णवर्णीय वार्ताहर, सगळ्यांच्या गाड्या कच्च्या रस्त्यांवरून मळ्यामागून मळे पालथे घालत होत्या. मिसिसिपीत दोन्ही वर्णांनी मिळून केलेली ही पहिलीच मोठी शोधमोहीम, अशी नोंद बुकरांनी पुढे करून ठेवली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेच्या रुबी हर्ली, मेडगर एव्हर्स आणि अ‍ॅम्झी मूर हे तर कापूस वेचणाऱ्यांचे जुने कपडे घालून मजुरांत मिसळून माणसं शोधत होते. दारात गाडी उभी राहिली की लोक दार लावून घ्यायचे. जुनेर नेसलेली बाई बांधावर शेजारी येऊन बसली, तर बोलायचे.

शेवटी तीन साक्षीदार उभे राहिले. त्यांतला एक १८ वर्षांचा तरुण, दुसरे त्याचे आजोबा, आणि तिसरी त्याच परिसरात राहणारी एक स्त्री. ज्या मजुरानं पहिली खबर आणली होती, तो मात्र साक्षीला आलाच नाही.

काय निष्पन्न झालं

बुधवारी एमेटच्या आईच्या मावशीचे यजमान, मोझेस राइट, यांनी भर कोर्टात उभं राहून आरोपींकडे बोट दाखवलं. गोऱ्या माणसावर असं बोट उचलून तिथून जिवंत बाहेर पडणं ही तिथे कल्पनेपलीकडची गोष्ट होती. छायाचित्रं काढायला बंदी होती, तरी अर्नेस्ट विदर्स यांनी तो क्षण टिपल्याचं सांगितलं जातं.

गुरुवारी तो तरुण उभा राहिला. आवाज इतका हळू की न्यायाधीशांना मोठ्यानं बोलायला सांगावं लागलं. त्या पहाटे पुढे गोरी माणसं आणि मागे तो मुलगा असलेला हिरवा-पांढरा पिकअप आपण पाहिला, मग कोठारातून मारण्याचे आणि ओरडण्याचे आवाज ऐकले, आणि कमरेला पिस्तूल लावलेला मायलम बाहेर येऊन विहिरीवर पाणी प्यायला, असं त्यानं सांगितलं. बचावाच्या वकिलांनी त्याला उलटसुलट विचारून पाहिलं. तो ढळला नाही.

शुक्रवारी, २३ सप्टेंबरला, ज्युरीनं ६७ मिनिटांत दोघांना निर्दोष सोडलं. मध्येच थांबून कोल्ड ड्रिंक घेतलं नसतं तर एवढाही वेळ लागला नसता, असं ज्युरीतल्या एकानं सांगितल्याचं छापून आलं. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या काउंटीच्या ग्रँड ज्युरीनं अपहरणाचा आरोपही ठेवला नाही. जानेवारी १९५६ मध्ये दोघांनी पैसे घेऊन ‘लुक’ पाक्षिकाला खुनाची कबुली दिली. एकदा निर्दोष सुटल्यामुळे पुन्हा खटला चालू शकत नव्हता.

मग एवढी धडपड वाया गेली का? निकालापुरतं पाहिलं तर हो. पण ती साक्ष शपथेवर नोंदली गेली, आणि कोठारात काय घडलं हे त्यामुळे पुसता आलं नाही. ‘लुक’मधल्या कबुलीत त्या कोठाराचा पत्ताच नव्हता. सांगणाऱ्यांनी सनफ्लॉवर काउंटी आणि तिथले साथीदार गोष्टीतून सोयीनं गाळले होते. तो धागा टिकून राहिला तो त्या घडीच्या टेबलावरच्या माणसांमुळे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला मुद्दा छोटा आहे, पण त्यात माणसं मरू शकली असती. फोनवर ‘एकटेच या’ हे सांगितलं गेलं की नाही, आणि पलीकडे ते तसं ऐकलं गेलं का? एकाला बोलावलं आणि तिघे आले. माहिती देण्याआधी कोण येणार, कुणाला सांगणार, किती वाजेपर्यंत गप्प राहणार, हे आधी पक्कं करायला हवं होतं. इथे ते माणसं दारात येऊन ठेपल्यावर करावं लागलं. तिघे शब्दाचे पक्के निघाले म्हणून निभावलं.

दुसरा मुद्दा क्रमाचा. मजुरांशी आधी त्यांच्यातली माणसं बोलायला हवी होती, त्यांना बाहेर काढून सुरक्षित जागी न्यायला हवं होतं, आणि मगच कायद्याला खबर द्यायला हवी होती. प्रत्यक्षात कायद्याच्या गाड्या मळ्यावर आधी पोचल्या. वेळ फार थोडा होता हे खरं. तरीही कपडे बदलून गेलेल्यांना एक दिवस आधी सोडता आलं असतं का, हा प्रश्न राहतोच.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मायलमच्या ट्रकवर होते असं ज्यांच्याबद्दल सांगितलं जात होतं, ते दोन कृष्णवर्णीय मजूर खटल्याच्या आधीच गायब झाले होते. ग्लेंडोरा गावच्या एका गुत्त्यात हिक्सना कळलं की, ते तुरुंगात आहेत. त्यांना खोट्या नावांनी डांबून ठेवलंय, असं हिक्सनी पुढे लिहिलं. पण कधी? खटला संपल्यावर, ऑक्टोबरच्या मालिकेत. नंतर केंद्र सरकारचे अ‍ॅटर्नी जनरल (न्याय खात्याचे प्रमुख) ब्राउनेल यांना जाहीर पत्रही लिहिलं. तोवर उशीर झाला होता, ते दोघे कोर्टासमोर कधीच आले नाहीत.

बातमी रोखायचा नियम मळ्यावरच्या मोकळ्या माणसांसाठी बरोबर होता. त्यांचं नाव बाहेर फुटलं असतं तर त्यांच्या जिवावर बेतलं असतं. कोठडीत लपवलेल्या माणसाचं गणित उलटं असतं. त्याचं नाव कुणालाच माहीत नसणं, हीच त्याला डांबणाऱ्याची ढाल. देशभरचे वार्ताहर त्या गावात बसलेले असताना ‘हे दोघे कुठे आहेत?’ एवढा प्रश्न जरी मोठ्या टाइपात छापला असता, तरी शेरीफला उत्तर द्यावं लागलं असतं. जिवाच्या भीतीनं हिक्स थांबले असतील तर त्यांना दोष देणारा मी कोण? पण एकाच खोलीत एकाच रात्री दोन प्रकारच्या माणसांना एकच नियम लागू झाला, आणि त्यातला एक निसटला, असं मला वाटतं.

चौथा मुद्दा साक्षीनंतरचा. त्या तरुणानं गाव सोडलं ते रात्री, कपड्यांचं गाठोडं घेऊन, ठरलेल्या जागी गाडी गाठायला काही मैल पायी चालत. मेम्फिसहून विमानानं त्याला शिकागोला नेलं गेलं, सोबत खटला पाहायला आलेले मिशिगनचे काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज होते. शिकागोत पोचल्यावर तो मानसिक धक्क्यानं कोसळला. कोर्टात आणेपर्यंतचा सगळा बेत बारकाईनं आखलेला होता. मग पुढे काय, त्याच्या घरच्यांचं काय, कामाचं काय, पाच वर्षांनी त्याला झोप लागते की नाही हे कोण विचारणार, याचा बेत त्या रात्री कुणी आखला होता असं दिसत नाही. माउंड बायूत बसलेल्या वार्ताहरांकडे ना पैसे होते, ना हाताशी संस्था. स्वतःचा जीव वाचवून बाहेर पडायचीच त्यांना काळजी होती. दोन वर्षांनी अर्कान्सातल्या लिटल रॉकला, कृष्णवर्णीय मुलांच्या शाळाप्रवेशाचं वार्तांकन करताना अ‍ॅलेक्स विल्सन यांना जमावानं लाथाबुक्क्यांनी आणि विटेनं मारलं. ते पळाले नाहीत. टोपी उचलून चालत राहिले, आणि १९६० मध्ये गेले.

त्या तरुणानं आडनाव बदललं, शिकागोत इस्पितळात ऑर्डर्ली (वॉर्डबॉय) म्हणून काम केलं. पुढे लग्न केलं. आपण कोण आहोत आणि १९५५ च्या त्या पहाटे विहिरीजवळ काय पाहिलं, हे त्याच्या बायकोलाही कित्येक वर्षं माहीत नव्हतं.